अरुबाची रिफायनरी विमानातून टिपायचीय? मग हे वाच

अरे अरुबा या कॅरिबियन बेटावरच्या सॅन निकोलासची तेल रिफायनरी फोटोत घ्यायची तर सकाळी नको जाऊस, किनारा नैर्ऋत्येकडे तोंड करून आहे, समुद्राच्या बाजूने बघशील तर सकाळी ऊन समोरून येतं आणि टाक्या नुसत्या काळ्या दिसतात. दुपार कलल्यावर जा. पूर्वेचा वारा तिथे जवळजवळ कायम असतो, विमान पश्चिमेकडे सरकत राहतं, तेव्हा पायलटला आधीच सांगून ठेव की चक्कर जरा मोठी मार.

शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू नको, लेन्स काचेला टेकवू नकोस (मी टेकवली होती, कार्डवरचे सगळेच फोटो थरथरलेले निघाले), आणि शर्ट काळा घाल, पांढऱ्याचं प्रतिबिंब काचेत येतं.

आता नुसत्या टाक्या काढून परत येऊ नकोस हं. १६ फेब्रुवारी १९४२ च्या पहाटे जर्मन पाणबुडी यू-१५६ ने इथे बाहेर नांगरलेल्या ओरांजेस्टाड आणि पेदेर्नालेस या टँकरवर टॉर्पेडो सोडले, मग रिफायनरीवर तोफ डागायला गेले, तर नळीच्या तोंडाचं बूचच काढायचं राहिलं होतं! तोफ त्यांच्याच अंगावर फुटली, एक खलाशी गेला. त्या घाईतल्या एका बुचामुळे रिफायनरी वाचली म्हण ना. म्हणून फ्रेममध्ये प्रवाळाची कड, तिच्या आतलं बंदर आणि बाहेरचं गडद पाणी, तिन्ही घे, टँकर किती उघड्यावर उभे होते ते मग बघणाऱ्याला आपोआप कळतं.