ऑलिंपिक बास्केटबॉल फायनलच्या तक्त्यात अमेरिकेच्या स्टीफन करीचे फील्ड गोल ८, तीन गुणांचे थ्री पॉइंटरही ८. मग गुण ४० न होता २४च कसे?

२४च बरोबर आहेत, कारण दोन्ही रकान्यांतले ८ हे तेच बास्केट आहेत. खेळ चालू असताना पडलेला कुठलाही बास्केट, दोनचा असो की तीनचा, फील्ड गोलमध्ये मोजतात. थ्री पॉइंटर हा त्यातलाच भाग. १० ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये फ्रान्सविरुद्ध (अमेरिका ९८, फ्रान्स ८७) स्टीफन करीने १२ पैकी ८ थ्री घातले. दोनचा एकही बास्केट नाही, फ्री थ्रोचा (फाउलनंतर मिळणाऱ्या एका गुणाच्या मोकळ्या फेकीचा) एकही गुण नाही. काय हात बसला होता त्या दिवशी!

मी साताऱ्यात शालेय सामन्यांना टेबलवर स्कोअरशीट भरतो. तिथेही फील्ड गोल पडला की गुणांच्या आकड्यावर तिरकी रेघ मारायची, आणि तो तीनचा असेल तर खेळाडूच्या नंबराभोवती गोल काढायचा. बास्केट एकच, खुणा दोन. फ्री थ्रो मात्र फील्ड गोलमध्ये येत नाहीत, ते वेगळे धरा. पडताळायचं असेल तर फील्ड गोलची दुप्पट करा, त्यात थ्रीची संख्या आणि फ्री थ्रो मिळवा: १६ + ८ + ० = २४.