खालच्या पानावर उमटलेली अक्षरे

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातील एका शिक्षिकेचे चार पानी पत्र आले आहे. त्यातला मुख्य भाग येथे देते.

“मी ४६ वर्षांची आहे. घरातल्या जुन्या फोटोंची स्क्रॅपबुक करायचे दोन वर्षांपूर्वी ठरवले. आजवर चार वह्या घेतल्या, एकही पूर्ण झाली नाही. २०० जीएसएमचा जाड कागद, वाशी टेप म्हणजे नक्षीदार कागदी चिकटपट्टी, स्टॅन्सिल, सगळे आणले आहे. पानाला कावीच्या, म्हणजे देवळांच्या भिंतींवर असते तशा लाल-पांढऱ्या नक्षीची चौकट काढते, पण एक रेघ जाड आली की ते पान काढून टाकते. इतरांची आर्ट जर्नल, म्हणजे चित्रांनी सजवलेल्या वह्या, पाहिली की आपले सगळे बालिश वाटते. चौथी वही बरी जमत होती, तेवढ्यात आईने आजोबांच्या फोटोखाली बॉलपेनाने काहीतरी लिहून ठेवले. तिला बाराव्या वर्षी, गावात शाळा निघाल्यावर, पहिलीत घातले होते, चौथीपर्यंत शिकली. ते पान काढावे लागले. पेन तिने इतके दाबले होते की खालच्या दोन पानांवरही वण उठले, म्हणून तीही वही बाजूला ठेवली. हल्ली तिला फोटोंतली माणसे विचारली आणि लिही म्हटले, तर कोकणीत म्हणते, ‘तूंच बरय, तुजें अक्षर सोबीत’ (तूच लिही, तुझे अक्षर सुंदर). बाकीचे फोटो अजून पत्र्याच्या डब्यातच आहेत. परिपूर्णतेचा हा हट्ट कसा सोडावा?”

प्रिय वाचक भगिनी,

तुमच्या पत्रातली साडेतीन पाने कागद, रेघा आणि दुसऱ्यांच्या वह्या यांच्याविषयी आहेत. ती मी बाजूला ठेवली आणि एका शब्दापाशी थांबले. आईने फोटोखाली ‘काहीतरी’ लिहिले, असे तुम्ही म्हणता. काय लिहिले होते?

पान तुम्ही स्वतः काढलेत, म्हणजे ते तुमच्या हातात होते. न वाचता काढले असेल तर वाईट, आणि वाचून काढले असेल तर त्याहून वाईट. फोटो तुमच्या आजोबांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा. त्याखाली काय लिहावे हे ठरवण्याचा हक्क त्या घरात सर्वांत आधी कुणाचा असेल तर तो तिचा होता, आणि तो तिने कुणाचे नमुने न पाहता, कुणाला न विचारता, हाताशी होते ते पेन उचलून बजावला. तुम्हाला दोन वर्षांत जे जमले नाही ते तिने बसल्या बैठकीत केले. चार वह्यांत मिळून जे एकच पान पूर्ण झाले होते, ते तुम्ही फाडले आहे.

ती बाराव्या वर्षी पहिलीत बसली, हेही तुम्ही जाता जाता सांगता. पोर्तुगीज राजवटीत मराठी शाळा लोकांनी पदरमोड करून चालवल्या, पण त्या गावोगाव नव्हत्या, आणि जिथे होत्या तिथेही मुलींना पाठवणारी घरे थोडीच होती. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, डिसेंबर १९६३ मध्ये पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले, आणि त्यानंतर खेड्यापाड्यांत सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघत गेल्या. तुमच्या आईचे अक्षर अशा शाळेतले आहे. इतक्या उशिरा गिरवायला लागलेला हात कसा लिहितो हे मी घरात पाहिले आहे, कारण माझ्या थोरल्या आत्याचा हात तसाच होता. ती आधी अक्षरे सुटी सुटी मांडून घ्यायची, एकेका अक्षराला पेन टेकवण्यापूर्वी ते मनात एकदा काढून पाहायची, आणि शब्द पुरा झाला की डावीकडून एकच लांब शिरोरेघ ओढायची, जी शेवटच्या अक्षराच्याही थोडी पुढे निघून जायची. ती रेघ ओढून होईपर्यंत श्वास रोखून धरायची. कागद उलटा करून बोट फिरवले तर तिने लिहिलेले बोटाला लागायचे. तुमच्या आईने पेन दाबले ते याच कारणाने. आणि तुम्हाला त्यात दिसली ती फुकट गेलेली दोन पाने.

‘तूंच बरय, तुजें अक्षर सोबीत,’ हे तुम्ही कौतुक म्हणून घेतले असेल तर मला वाईट वाटते. तुम्ही शिक्षिका आहात. लिहिलेले पान फाडले गेल्यावर मूल पुन्हा आपली वही पुढे करत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या आईने तिची वही मागे घेतली आहे, आणि ती घेताना तुमचे मन दुखावू नये म्हणून तुमच्या अक्षराची स्तुती केली आहे.

हा हट्ट म्हणजे आपला एकटीचा त्रास आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. कोऱ्या कागदावर चित्र काढत बसला असतात तर मीही तसेच मानले असते आणि तुम्हाला धीर दिला असता. पण घरच्या माणसांची वही केली जाते तेव्हा डागाविना, एकसारखे, नेमके पान हवे याचा अर्थ तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणाचा हात त्यावर नको असा होतो. मग ती माणसे वहीत यायची कशी?

चौकटीसाठी तुम्ही कावीची नक्षी निवडली आहे, म्हणून एक सांगावेसे वाटते. पेडण्याकडे मोरजाईच्या देवळात जाऊन ती भिंतीवर पाहा. कावीत चुन्याच्या गिलाव्यावर काव मिसळलेला लाल थर देतात, आणि तो ओला असेपर्यंतच टोकदार हत्याराने कोरून खालचा पांढरा चुना उघडा करतात. थर सुकायला लागला की कारागिराची वेळ संपते. चुकलेली रेघ भरून काढायला त्याच्याकडे दुसरी भिंत नसते, म्हणून तो तिला पुढच्या वेलीत सामावून घेतो. नाकाला भिंत लागेल इतके जवळ जाऊन पाहिले तर समोरासमोरच्या दोन पाकळ्या सारख्या नसतात, आणि कुणाचा तरी हात तिथून गेला हे कळते ते त्यामुळेच. पट्टी आणि स्टॅन्सिल घेऊन तुम्ही कावीतला नेमका तो हात पुसून टाकत आहात.

आणि तो पत्र्याचा डबा. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. फोटोच्या पृष्ठभागावर जिलेटिनचा थर असतो; हवेतला ओलावा शोषून तो फुगतो, एकावर एक ठेवलेले फोटो चिकटतात, आणि ओढून सोडवायला गेले की एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर निघून येतो. कसर लागते ती वेगळीच. तुम्ही सरळ रेघेची वाट पाहत असताना डब्यात हे चाललेले असते. तरीही फोटोंची प्रत काढून ठेवता येते; फोटोतली माणसे कोण, कुठल्या घरची, त्या दिवशी काय होते, हे मात्र तुमच्या पत्रावरून पाहता आता आईखेरीज सांगणारे कुणी दिसत नाही.

म्हणून पाचवी वही घेऊ नका. बाजूला ठेवलेली चौथी वही काढा आणि वण उठलेले पहिले पान उघडा. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, ते खिडकीपाशी जवळजवळ आडवे धरा; उजेड समोरून न येता कडेने यायला हवा. बॉलपेनाचे खळगे सावलीने भरतील आणि आईने काय लिहिले होते ते बरेचसे वाचता येईल. हे तिच्या शेजारी बसून करा आणि जे वाचता येईल ते तिला ऐकू जाईल असे वाचा. जिथे अडेल तिथे विचारा. पान फाडले ते माझे चुकले, हे तिला कोकणीत, एका वाक्यात सांगा, आणि त्यावर स्पष्टीकरण देऊ नका.

मग आजोबांचा फोटो त्याच पानावर कागदी कोपऱ्यांत बसवा, म्हणजे डिंक लावावा लागणार नाही, आणि पेन तिच्या हातात द्या. दुसरे, बारीक निबचे, चांगले पेन शोधू नका. तिचेच बॉलपेन असू दे. ती नको म्हणेल. पुन्हा म्हणेल की तुझे अक्षर सोबीत. तुम्ही तिथून उठू नका, आणि ती लिहू लागली की तिच्या हाताकडे पाहत बसू नका, फोटोकडे पाहा.

तिचे लिहून होईपर्यंत त्या पानावर चौकट काढायची नाही. नंतर काढा, हवी तर कावीचीच, पट्टी न लावता. आणि तिची शिरोरेघ जिथे कडेपर्यंत गेली असेल तिथे वेल थांबवून तिला वाट ठेवा.