आधी खोरं ठरवा, तिकिटं नंतर

2030 चं हिवाळी ऑलिंपिक प्रत्यक्ष जाऊन बघायचं तुम्ही ठरवलंत, हे वाचून फार बरं वाटलं. तुमचे प्रश्न थोडक्यात असे आहेत: आई, पत्नी आणि दहा वर्षांची मुलगी बरोबर असताना मुक्काम कुठे करावा, कुठल्या खेळांची तिकिटं घ्यावीत, दोन आठवड्यांत सगळं बघून होईल का, आणि थंडी झेपेल का. यातल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. सगळं बघून होणार नाही, आणि तसा घाट घालूही नका.

उन्हाळी ऑलिंपिकमध्ये सकाळी पोहणं, दुपारी हॉकी, संध्याकाळी ॲथलेटिक्स असं जमून जातं, कारण बहुतेक खेळ एकाच शहरात असतात. हिवाळी ऑलिंपिक डोंगरांत विखुरलेलं असतं. इटलीतलं 2026 चंच घ्या. आइस हॉकी आणि फिगर स्केटिंग मिलानमध्ये, पुरुषांचं अल्पाइन, म्हणजे उतारावरचं स्कीइंग बोर्मिओला, महिलांचं कोर्तिनाला, स्नोबोर्ड लिविन्योला, बायथलॉन (स्की आणि नेमबाजी) अंतेर्सेल्वाला आणि समारोप वेरोनात. नकाशावर बोर्मिओ आणि लिविन्यो अगदी शेजारी दिसतात, पण मधे 2,291 मीटर उंचीची फोस्कान्यो खिंड आहे. फेब्रुवारीत ती बसने ओलांडायची म्हणजे काय, ते किलोमीटर मोजून कळत नाही.

2030 चं ऑलिंपिक 1 ते 17 फेब्रुवारीला फ्रेंच आल्प्समध्ये आहे आणि पसारा तसाच आहे. आराखड्यानुसार बर्फाच्या मैदानावरचे मुख्य खेळ समुद्रकाठच्या नीस शहरात, तर डोंगरातले खेळ तिथून बरेच उत्तरेला: बायथलॉन ल ग्राँ-बोर्नाँला, क्रॉस-कंट्री (लांब पल्ल्याचं स्कीइंग) ला क्ल्यूझाला, बॉबस्ले आणि ल्यूज या घसरगाड्यांच्या शर्यती ला प्लान्यला, स्की जंपिंग कूरशवेलला. यातला ला प्लान्यचा ट्रॅक आणि कूरशवेलची उडीची टेकडी 1992 च्या आल्बेरव्हिल ऑलिंपिकसाठी बांधलेली. ठिकाणांत अजूनही फेरफार होऊ शकतात, तेव्हा अंतिम वेळापत्रक हाती येईपर्यंत परत न मिळणारे पैसे कुठेही गुंतवू नका.

तुमच्यासारख्या कुटुंबाला माझा सल्ला असा: मुक्काम दोनच करा. पहिला डोंगरात, दुसरा नीसला. डोंगरातल्या मुक्कामासाठी आनसी हे गाव मला सगळ्यात सोयीचं वाटतं. तळ्याकाठचं बऱ्यापैकी मोठं शहर आहे, रेल्वे येते, जिनिव्हा विमानतळ जवळ आहे आणि ल ग्राँ-बोर्नाँ व ला क्ल्यूझा ही दोन्ही ठिकाणं तिथून साधारण 30 किलोमीटरवर, एकाच खोऱ्यात आहेत. कूरशवेल आणि ला प्लान्य हे तारांतेज खोऱ्यात येतात. तो वेगळा संसार आहे. त्याचा मोह पडला तर आनसी सोडून तिकडे राहा, पण दोन्हीकडे धावू नका. डोंगरातून नीसला जायला एक अख्खा दिवस बाजूला ठेवा आणि त्या दिवशी कसलंही तिकीट घेऊ नका.

आता खेळांविषयी. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी डोळे मिटून बायथलॉन सांगतो, आणि तिकीट नेमबाजीच्या रेंजसमोरच्या स्टँडचंच घ्यायला सांगतो. स्कीवरून धापा टाकत आलेला खेळाडू पाठीवरची रायफल काढतो आणि 50 मीटरवरच्या पाच काळ्या गोलांवर नेम धरतो. आडवं पडून मारायचं असेल तर लक्ष्याचा व्यास 45 मिलीमीटर, उभ्याने मारायचं असेल तर 115. गोळी लागली की काळा गोल पांढरा होतो, त्यामुळे कोणाचं काय चाललंय ते शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसतं. बऱ्याच प्रकारांत प्रत्येक चुकीला 150 मीटरची एक जादा फेरी मारावी लागते, आणि तीही तुमच्या डोळ्यांसमोरच. अंतेर्सेल्वाच्या विश्वचषकात मी पाहिलंय, शेवटच्या नेमबाजीला प्रत्येक गोळीगणिक सगळं स्टँड एका सुरात ओरडतं. चार लागल्या की पाचवीच्या आधी क्षणभर चिडीचूप होतं, आणि ती चुकली की जो सुस्कारा येतो त्यात दहा देशांची माणसं सामील असतात. तुमच्या मुलीला पहिल्या फेरीतच खेळ कळेल, कोणाला काही समजावून सांगावं लागणार नाही.

क्रॉस-कंट्रीही प्रत्यक्ष बघायला फार सुंदर. चढाच्या कडेला जागा मिळाली तर खेळाडू हाताच्या अंतरावरून जातात, त्यांचा श्वास ऐकू येतो, आणि लांब शर्यतीत तीच माणसं पुन्हा पुन्हा समोरून जात असल्याने कोण थकतंय ते तुमचं तुम्हाला कळायला लागतं.

अल्पाइन स्कीइंगमध्ये मात्र लोकांची निराशा होते ती डाउनहिलला, म्हणजे सगळ्यात वेगवान, लांब उताराच्या शर्यतीला. प्रेक्षक बसतात अंतिम रेषेपाशी. तिथून शेवटची उडी आणि शेवटचं वळण दिसतं, बाकी शर्यत मोठ्या पडद्यावर. म्हणून पहिल्या वेळी स्लॅलम घ्या, म्हणजे काठ्यांमधून नागमोडी उतरायची शर्यत. उतार छोटा, बराचसा भाग स्टँडमधून दिसतो आणि दोन फेऱ्या असतात. दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीतले पहिले तीस उलट्या क्रमाने उतरतात, म्हणजे तिसावा आधी आणि आघाडीवरचा त्या तिसांत शेवटी. उत्कंठा शेवटपर्यंत टिकते. बॉबस्ले एका जागी उभं राहून बघितली तर प्रत्येक गाडी सेकंदभरात डोळ्यांसमोरून निघून जाते. तिथे ट्रॅकच्या कडेने फिरता येईल असं तिकीट घ्या. एक फेरी सुरुवातीला उभं राहून बघा, जिथे खेळाडू गाडी ढकलत धावतात आणि उड्या मारून आत बसतात, आणि पुढची एखाद्या मोठ्या वळणावर.

आईंसाठी नीसचा मुक्काम. फिगर स्केटिंग तर आहेच, पण कर्लिंगचं, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवायच्या खेळाचं, साखळी सत्रही घ्या. एकाच वेळी चार पट्ट्यांवर चार सामने चालतात, सामना अडीच-तीन तास चालतो, बसायला पक्की खुर्ची आणि डोक्यावर छप्पर. तिकीटही फिगर स्केटिंगच्या मानाने सहज मिळतं. आइस हॉकीचे सुरुवातीचे सामने असेच. अंतिम सामन्याच्या मागे लागून पैसा आणि जीव आटवण्यापेक्षा साखळीतले दोन सामने बघणं मला कधीही अधिक समाधानाचं वाटतं.

वेळापत्रक मांडताना एक गोष्ट गृहीत धरा: डोंगरावर तारखा वारा आणि धुकं ठरवतात. 1998 ला जपानमधल्या नागानोत पुरुषांची डाउनहिल 8 फेब्रुवारीची होती, ती पुढे ढकलत ढकलत 13 तारखेला झाली. त्यातच ऑस्ट्रियाचा हरमन मायर हवेत उलटापालटा होऊन कुंपणांवर आदळला, आणि 16 ला सुपर-जी आणि 19 ला जायंट स्लॅलम जिंकला. ज्यांनी परतीचं तिकीट 12 तारखेचं काढलं होतं त्यांच्या नशिबी यातलं काहीच आलं नाही. 2018 ला दक्षिण कोरियातल्या प्योंगचांगमध्ये वाऱ्यामुळे पुरुषांची डाउनहिल 11 वरून 15 फेब्रुवारीला गेली आणि महिलांची जायंट स्लॅलम 12 वरून 15 ला. तिथल्याच नॉर्मल हिल स्की जंपिंगचा अंतिम सामना वाऱ्यासाठी थांबत थांबत मध्यरात्र उलटून संपला, आणि तोवर कडाक्याच्या थंडीत बरीचशी माणसं उठून गेली होती. व्हँकुव्हरला 2010 मध्ये उलटंच झालं. सायप्रस माउंटनवर पाऊस पडला, उभं राहायच्या जागेत पेंढ्याच्या गाठींवर पसरलेला बर्फ वाहून गेला, आणि लोकांचे पाय गाठींमधल्या फटींत अडकतील म्हणून सुमारे 28,000 तिकिटं रद्द करून पैसे परत द्यावे लागले.

शर्यत पुढे गेली की सहसा तिकीटही त्या नव्या तारखेला लागू होतं. पैसे परत मिळतात ते बहुधा शर्यत रद्द झाली तरच. म्हणून अल्पाइन आणि स्की जंपिंगची तिकिटं डोंगरातल्या मुक्कामाच्या सुरुवातीला घ्या आणि नीसला निघायच्या आधीचे एक-दोन दिवस मोकळे सोडा. नीसला छताखालचे खेळ आहेत, तिथे ही चिंता नाही. तुम्हाला आधी डोंगर आणि मग नीस असं सांगितलं त्याचं हेच कारण.

तिकिटांसाठी अधिकृत संकेतस्थळाखेरीज कुठेही जाऊ नका. पॅरिस 2024 ला आणि मिलान-कोर्तिनालाही आधी नोंदणी, मग सोडत आणि मग खरेदीसाठी ठरावीक वेळ अशी पद्धत होती. 2030 लाही त्याच धर्तीवर होईल असं धरून नोंदणी सुरू होताच पती-पत्नी दोघांनी स्वतंत्र नावाने करा. दोघांच्या वेळा वेगळ्या लागल्या तर फायदाच. पहिल्या फेरीत हवं ते नाही मिळालं तरी घाबरून दलालाकडे वळू नका, कारण पुढे अधिकृत फेरविक्री सुरू होते आणि स्पर्धा जवळ आली की तिथे बरीच तिकिटं येतात. आणखी एक, जे ऐनवेळी अनेकांना कळतं: ऑलिंपिकच्या तिकीटविक्रीत आणि मैदानांवरही आजवर कार्ड फक्त व्हिसा कंपनीचं चालत आलं आहे. तुमच्याकडे दुसऱ्या कंपनीचं असेल तर आधीच सोय करून ठेवा.

मुक्कामाचं बुकिंग रद्द करता येणारं असावं. फ्रेंच आल्प्सच्या स्की-गावांत घरं शनिवार ते शनिवार अशी आठवड्याने देतात, त्यात फेब्रुवारीत शाळांना सुट्ट्या असतात, त्यामुळे शनिवारी त्या रस्त्यांवर गाड्यांची रांग हलता हलत नाही. तुमचा प्रवासाचा दिवस शनिवार नसेल एवढं बघा. गाडी भाड्याने घेणार असाल तर 1 नोव्हेंबर ते 31 मार्च या काळात डोंगराळ भागांत हिवाळी टायर किंवा साखळ्या बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे. गाडी ताब्यात घेताना तेवढं विचारा. तसंही ऑलिंपिकच्या दिवसांत खासगी गाड्या मैदानापर्यंत सोडत नाहीत, शटल बसच धरावी लागते.

व्हिसा लागत असेल तर शेंगेन व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, पण वाढून पंचेचाळीसही लागू शकतात. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. तिथे स्वतः स्की करायचा विचार असेल तर विम्यात हिवाळी खेळ आणि डोंगरावरून सुटका यांचा समावेश आहे का ते वाचून घ्या. बऱ्याच साध्या प्रवास विम्यांत तो नसतो.

थंडीचं म्हणाल, तर पाहणाऱ्याला खेळणाऱ्यापेक्षा जास्त वाजतं. शर्यत दीड तासाची असली तरी तपासणी, वाट बघणं आणि शटलची रांग धरून चार-पाच तास बाहेर काढावे लागतात, तेही जवळजवळ एका जागी. अंगात सुती काहीच नको, बनियनसुद्धा नाही, कारण घाम सुतात मुरतो आणि मग गार पडतो. आत लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं पातळ वस्त्र, वर उबदार थर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. पण खरी गार पडतात ती पावलं, आणि तीही खालून. बूट एक नंबर मोठे घ्या, म्हणजे जाड मोज्यातही बोटं हलवता येतील, आणि पायाखाली घ्यायला व्यायामाच्या फोम मॅटचे कापलेले तुकडे सोबत ठेवा. प्रत्येकी एक. बर्फावर थेट उभं राहणं आणि त्या तुकड्यावर उभं राहणं यात काय फरक आहे ते पहिल्या तासातच कळेल. फोन आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा. गारठ्यात बॅटरी बघता बघता उतरते, आणि तिकिटं त्याच फोनमध्ये असतात. आईंच्या बुटांना बाहेरून चढवता येणारे काटे घ्या, कारण बस थांब्यापासून स्टँडपर्यंतचा रस्ता हा पायांनी दाबून गुळगुळीत झालेला बर्फ असतो, आणि बहुतेक वेळा चढाचा.

एवढ्या मोठ्या सहलीआधी तुम्हा दोघांना जमलं तर एखादी विश्वचषकाची फेरी जरूर बघून या. ल ग्राँ-बोर्नाँला बऱ्याच वर्षी नाताळच्या आधी बायथलॉनचा विश्वचषक असतो. तेच मैदान, तोच रस्ता, तीच शटलची सवय होईल. जर्मनीतल्या गार्मिश-पार्टेनकिर्शेनची 1 जानेवारीची स्की जंपिंग किंवा ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलची डाउनहिल याही तोलामोलाच्या गोष्टी आहेत. तिथे खेळाडू बहुतांशी ऑलिंपिकचेच असतात आणि प्रेक्षक वर्षानुवर्षं येणारे, खेळ मुरलेले. शेजारच्याला काही विचारलं तर आनंदाने समजावून सांगतात.

आईंना सपाटीवर आणि चढावर किती चालवतं ते कळवा. त्यावरून डोंगरातल्या सत्रांना त्यांना न्यायचं की त्या दिवशी आनसीतच ठेवायचं ते ठरवता येईल. ल ग्राँ-बोर्नाँला बसून बघायच्या स्टँडचं तिकीट घ्यावं लागेल का, तेही त्यावरच अवलंबून आहे.