कन्व्हर्टरची छोटी डबी आणि मुलीची पहिली नोकरी

एका वडिलांचं पत्र, थोडक्यात: “मुलीने इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा पूर्ण केलाय. कारखान्यांच्या कंट्रोल नेटवर्कसाठी फायबर टाकणाऱ्या आणि फायबर ऑप्टिक कन्व्हर्टर बसवणाऱ्या कंपनीकडून तिला नोकरीचं विचारणं आलंय. ती खूश आहे. आम्हाला मात्र वाटतं, डब्या बसवण्यात आणि केबल ओढण्यात शिक्षण वाया जाईल. त्यापेक्षा तिने सॉफ्टवेअरचा एखादा कोर्स करावा. तुमचं मत काय?”

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तिला हे काम का आवडलं, हे त्यात कुठेच नाही. आधी तिला तेवढं विचारा. “प्लँटमध्ये काम करायला मिळेल” असं उत्तर आलं तर पुढचं वाचा. “लगेच नोकरी मिळतेय म्हणून” असं आलं तर घाई नको, आणखी एक-दोन ठिकाणी अर्ज करू द्या.

डबी बसवणं सोपं आहे, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. तळहाताएवढी वस्तू, पॅनेलमधल्या रेलवर अडकवायची, २४ व्होल्टचा सप्लाय द्यायचा. एका बाजूला तांब्याची तार, दुसऱ्या बाजूला फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल. विजेच्या सिग्नलचा प्रकाश होतो आणि पलीकडच्या टोकाची डबी त्याचा पुन्हा विजेचा सिग्नल करते. पण ती डबी तिथे का लागली आणि बसवल्यावरही नेटवर्क का चालत नाही, या दोन प्रश्नांची उत्तरं देता येणारी माणसं फार कमी आहेत. तुमच्या मुलीने त्यांच्यातलं एक व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

समजा, कंट्रोल रूमपासून ८०० मीटरवर पंपहाउस आहे आणि तिथलं रीडिंग आरएस-४८५ या प्रकारच्या सिग्नलच्या तारेवरून मॉडबसने, म्हणजे यंत्रांनी आपसात बोलायच्या एका ठरलेल्या भाषेत, येतं. कमी वेगाला आरएस-४८५ साधारण १२०० मीटर जातं, म्हणजे कागदावर सगळं ठीक. प्रत्यक्षात मोठी मोटर सुरू झाली की रीडिंग गायब होतं आणि वीज कडाडली की पोर्ट जळतो. कारण दोन इमारतींचं अर्थिंग एकाच पातळीवर नसतं. आरएस-४८५ च्या रिसीव्हरला उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतच फरक चालतो आणि मोठ्या प्लँटमध्ये ही मर्यादा सहज ओलांडली जाते. त्यात व्हीएफडीचा, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राचा, नॉइज शेजारून धावणाऱ्या तारेत घुसतो. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे फायबर टाकलं की दोन इमारतींमधला विजेचा संबंधच तुटतो. अंतरासाठी फायबर लागतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण कारखान्यात ते बऱ्याचदा अंतर कमी असूनही या कारणासाठी टाकावं लागतं. यातही एक मेख आहे. केबलला पोलादी आर्मर, म्हणजे संरक्षक कवच, असेल तर तो वीज वाहतो, त्यामुळे त्याच्या अर्थिंगचा विचार केला नाही तर काचेचा फायदा निम्मा वाया जातो.

आता फायबर पडलं, कन्व्हर्टर बसले, दिवे लागले, तरी पंपहाउस उत्तर देत नाही. फायबरवाला म्हणतो, माझा लॉस, म्हणजे वाटेत कमी होणारा प्रकाश, बरोबर आहे. पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा कंट्रोलर, सांभाळणारा म्हणतो, माझा प्रोग्रॅम बरोबर आहे. दोघंही खरं बोलतात! दोन तारांच्या आरएस-४८५ वर बोलणं आणि ऐकणं आलटून पालटून चालतं आणि बोलायची पाळी कधी संपली हे कन्व्हर्टरला ओळखावं लागतं. कन्व्हर्टरवरचा छोटा डिप स्विच चार तारांच्या मोडवर राहिला, बॉड रेट म्हणजे सिग्नलचा वेग चुकीचा लावला, टोकाचा १२० ओहमचा रेझिस्टर विसरला, यातलं काहीही झालेलं असू शकतं. कुणी म्हणतं, अंतरामुळे उशीर होतोय. तिथे साधा हिशेब कामी येतो. फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. मॉडबस आरटीयूमध्ये, म्हणजे अशा सिरियल तारेवरच्या मॉडबसमध्ये, एक संदेश संपला हे ओळखायला साडेतीन अक्षरांएवढी शांतता लागते आणि ९६०० बॉडला ती सुमारे ४ मिलिसेकंदांची असते. म्हणजे अंतराचा दोष नाही, दुसरीकडे शोधा. हा हिशेब पॅनेलसमोर उभं राहून करणारी मुलगी केबल ओढणारी राहत नाही.

इथरनेटच्या, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कच्या, कन्व्हर्टरचा घोळ वेगळा असतो. मधली फायबर तुटते, पण अलीकडच्या स्विचचा, म्हणजे नेटवर्कच्या तारा एकत्र जोडणाऱ्या पेटीचा, दिवा लागलेलाच राहतो, कारण त्याच्या आणि कन्व्हर्टरच्या मधली तांब्याची तार शाबूत असते. स्विचला वाटतं सगळं आलबेल आहे आणि पर्यायी मार्ग तयार असूनही तो तिकडे वळत नाही. यासाठी बऱ्याच कन्व्हर्टरमध्ये लिंक फॉल्ट पास-थ्रू नावाची सोय असते. एका बाजूची लिंक पडली की दुसऱ्या बाजूचीही मुद्दाम पाडायची. ती चालू असताना पलीकडचं टोक जोडलेलं नसेल तर इकडचाही दिवा लागत नाही आणि नवखा माणूस चांगला कन्व्हर्टर खराब समजून बदलतो.

फायबरची बाजू तिला हाताने शिकावी लागेल. सिंगल-मोड, म्हणजे लांब अंतराच्या फायबरचा, गाभा ९ मायक्रॉनचा असतो, त्यामुळे कनेक्टरच्या टोकाला बोट लागलं तरी सिग्नल कमी होतो. टोक तपासायचं, पुसायचं, मगच जोडायचं. पॉवर बजेट, म्हणजे प्रकाश पलीकडे पुरेल का याचा हिशेब, साधी बेरीज-वजाबाकी आहे. समजा ट्रान्समीटर उणे १५ डीबीएम (हे प्रकाशाच्या ताकदीचं माप) देतो आणि रिसीव्हरला उणे ३१ पर्यंत ऐकू येतं, तर हातात १६ डीबी आहेत. ६ किलोमीटर सिंगल-मोडचे किलोमीटरला ०.४ प्रमाणे २.४, चार कनेक्टरचे २, चार स्प्लाइसचे, म्हणजे फायबरच्या सांध्यांचे, ०.४, आणि ३ राखीव. झाले ७.८, काम होईल. उलटंही घडतं. लांब पल्ल्याचा ट्रान्समीटर जवळच्या अंतरावर लावला तर जास्त प्रकाशाने रिसीव्हर गोंधळतो आणि मुद्दाम प्रकाश कमी करणारा अॅटेन्युएटर घालावा लागतो.

सॉफ्टवेअरला माझा विरोध नाही. पण ते सोडून हे किंवा हे सोडून ते, अशी निवड इथे नाहीच. यूएसबीला जोडायचा आरएस-४८५ अॅडॉप्टर, मोफत मिळणारं मॉडबस सिम्युलेटर, नेटवर्कवरचे संदेश दाखवणारं वायरशार्क आणि थोडं पायथन प्रोग्रॅमिंग एवढ्यावर ती घरी बसून संदेश वाचायला शिकू शकते. त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही.

धोका दुसरीकडे आहे. सुटी कन्व्हर्टरची डबी हळूहळू स्विचच्या आत जात चालली आहे. फायबरचा मॉड्यूल थेट स्विचमध्ये बसतो, मग वेगळा कन्व्हर्टर लागत नाही. मॉडबस १९७९ मधला आहे आणि अजून चालतोय, त्यामुळे जुन्या सिरियल लाइन इतक्यात जाणार नाहीत. तरी फक्त डबीवर करिअर उभं करू नये. दोनेक वर्षांत तिने इंडस्ट्रियल स्विच, व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे भाग पाडणं) आणि रिंग प्रोटोकॉल (एक मार्ग तुटला की दुसऱ्याने वळणं) यांच्याकडे वळावं. विजेच्या सबस्टेशनमध्ये रस असेल तर आयईसी ६१८५० हे स्टँडर्ड शिकावं, नेटवर्कच्या सुरक्षेत रस असेल तर आयईसी ६२४४३.

आणि हो, काम सुखाचं नाही. शटडाउन रात्री मिळतं, केबल ट्रेंचमध्ये उतरावं लागतं, गाव सोडून राहावं लागतं. साइटवर राहण्याची आणि रात्री परतण्याची सोय काय, उंचीवरच्या कामाचं आणि वीजपुरवठा कुलूपबंद करून काम करण्याचं प्रशिक्षण देतात का, हे तुम्ही विचारलंत तर त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. जोडलेल्या फायबरच्या टोकात डोळा लावून पाहायचं नाही, हेही तिला पहिल्या दिवशीच सांगा. तो प्रकाश इन्फ्रारेड असतो, दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

होकार देण्याआधी तिने स्वतः कंपनीला एक ईमेल लिहावा. केबलिंगच्या टीममध्ये किती महिने राहायचं, कमिशनिंगला, म्हणजे यंत्रणा तपासून चालू करण्याच्या कामाला, कधीपासून नेणार, बिघाडाची तक्रार आली की साइटवर कोण जातं आणि ओटीडीआर, म्हणजे फायबरमधला बिघाड कुठे आहे ते दाखवणारं यंत्र, तिच्या हातात कधी देणार. पहिलं वर्षभर फक्त केबल आणि स्प्लायसिंग असं उत्तर आलं तर दुसरी कंपनी शोधा. काही महिन्यांत कमिशनिंगला नेतो असं लेखी आलं तर तिला जाऊ द्या.