पायाला ४०% अपंगत्वाचा दाखला आहे, मोटार अपघाताची भरपाई त्याच हिशेबाने मिळते का?

नाही. दाखला ४०% कशाचा, ते आधी वाचा: पायाचा की संपूर्ण शरीराचा? न्यायाधिकरण (अपघात भरपाईचे दावे ऐकणारं कोर्ट) पाहतं ते कमाई किती बुडाली हे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलंय. तोच पाय बसून काम करणाऱ्या कारकुनाचा असेल तर नुकसान कमी धरतात, ट्रक ड्रायव्हर गाडी चालवूच शकत नसेल तर १००% सुद्धा.

समजा ड्रायव्हरचं वय ३४, स्वतःचा धंदा, महिना १५,०००. वर्षाचे १,८०,०००, भविष्यातल्या वाढीचे ४०% धरून २,५२,०००. या वयाला गुणक (वार्षिक कमाईला गुणायचा, वयानुसार ठरलेला आकडा) १६, म्हणजे १००% नुकसान धरलं तर ४०,३२,०००. नुकसान ४०% धरलं तर फक्त १६,१२,८००. दवाखान्याचा खर्च, वेदना वगैरे वेगळे.

केस लंगडी पडते ती इथे: दाखला नुसता फायलीला लावतात, डॉक्टरला साक्षीला बोलावतच नाहीत. मग विमा कंपनीचा वकील म्हणणारच, ‘उलटतपासणी कुणाची घ्यायची?’ डॉक्टरच्या समन्सचा अर्ज वेळेत द्या. लायसन्स, बँक स्टेटमेंट, दुसऱ्याची गाडी चालवत असेल तर गाडीमालकाची साक्षही हवी, नाहीतर उत्पन्न अंदाजाने आणि बहुधा कमीच धरलं जातं.