सेकंडहँड प्लाझ्मा टीव्ही घरी येतोय, सेटिंग आणि काळजी कशी घेऊ?

मोठ्या कंपन्यांनी प्लाझ्मा २०१३-१४ मध्येच बंद केले, त्यामुळे आता मिळतोय तो जपूनच वापरा. टेम्पोतून आणताना उभाच ठेवायचा, आडवा नाही, काच तडकते. आल्यावर पहिलं काम म्हणजे भडक उजेडाचा डायनॅमिक मोड काढून सौम्य सिनेमा मोड लावा, कॉन्ट्रास्ट पण कमी करा, कारण एकच गोष्ट तासन्‌तास स्क्रीनवर राहिली की तिचा डाग बसतो आणि आपल्याकडे सकाळपासून न्यूज चॅनल चालूच असतं, ती खालची ब्रेकिंगची लाल पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो म्हणजे प्लाझ्माचे दुश्मन. पुसट डाग फुल स्क्रीन पिक्चर चालवून बऱ्याचदा जातो, पक्का बसला तर विसरा. तापतो पण भरपूर, वन रूम किचनमध्ये जागा नाही म्हणून शोकेसच्या खणात कोंबू नका. स्प्रे थेट मारायचा नाही, सुकं मायक्रोफायबर बस.