मांजरांच्या निवाऱ्यात नवख्या स्वयंसेवकाचा उपयोग होतो का?

आपण विचारले आहे की, मुंबईत नोकरी सांभाळून आठवड्यातून एक दिवस प्राण्यांच्या निवाऱ्यात मांजरांसाठी द्यायचा असेल तर तेथे प्रत्यक्षात काय करावे लागते, आणि ज्याने घरी कधी मांजर पाळलेले नाही अशा माणसाचा काही उपयोग होतो का. मी गेली सहा वर्षे दर रविवारी सकाळी अशा एका निवाऱ्यात जाते. सुरुवात केली तेव्हा मलाही अनुभव नव्हता. माहेरी, गिरगावच्या चाळीत, मांजर म्हणजे दुधाच्या पातेल्यावर वरवंटा ठेवण्याचे कारण, एवढाच त्याचा आणि आमचा संबंध होता. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. उपयोग होतो, आणि पुष्कळदा घरी मांजर असलेल्या माणसापेक्षा जास्त होतो, कारण आपल्याला मांजरे कळतात असे नवख्याला वाटत नसते आणि म्हणून तो सांगितलेले ऐकतो.

आता कामाविषयी. मांजराला मांडीवर घेऊन बसणे हा त्यातला अगदी लहान भाग असून तो सगळ्यात शेवटी येतो. सकाळचे पहिले दोन-अडीच तास साफसफाईत जातात: लिटरचे, म्हणजे मांजरांच्या शी-शूसाठी ठेवलेल्या वाळूचे, ट्रे रिकामे करून धुणे, पिंजऱ्यातली चादर बदलणे, पाण्याची भांडी घासणे, फरशी पुसणे. मात्र ट्रे उचलण्यापूर्वी त्यात काय आहे ते पाहायचे असते, आणि माझ्या मते स्वयंसेवकाचे खरे काम हेच आहे. रात्रीच्या खाण्यातले किती उरले, लघवी झाली आहे का, शौच पातळ आहे का, कोपऱ्यात उलटी पडली आहे का, हे पिंजऱ्यावरच्या कागदावर लिहायचे आणि मगच हात घालायचा. एखादा बोका ट्रेमध्ये वारंवार बसत असेल आणि लघवी होत नसेल, तर त्याचा मूत्रमार्ग अडलेला असू शकतो आणि तो दोन दिवसांतही दगावू शकतो. ही गोष्ट डॉक्टर संध्याकाळी येतील तेव्हा सांगण्याची नसून त्याच क्षणी फोन करण्याची असते. तसेच मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, विशेषतः ते अंगाने भरलेले असेल, तर त्याच्या यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडू शकते. कुत्रा दुखले की कण्हतो आणि आपल्याकडे बघतो. मांजर दुखणे लपवते, त्यामुळे ज्याने ट्रे नीट पाहिला त्यालाच ते आधी कळते.

एकदा मासळी बाजारातून पाय मोडलेला एक पिवळा बोका आणला होता. त्याच्यापुढे चांगले महागडे कोरडे खाद्य ठेवले, ओले खाद्य ठेवले, आणि दोन दिवस त्याने कशालाही तोंड लावले नाही. आम्ही स्वयंसेवक औषधाचा परिणाम, ताण, भीती अशी चर्चा करत होतो. तेथे साफसफाईला येणाऱ्या मावशींनी कागदावरची नोंद विचारली आणि म्हणाल्या, ‘‘अहो, ह्यानं जन्मात असलं काही बघितलंय का? त्याला हे खाणं आहे हेच ठाऊक नाही.’’ डॉक्टरांना विचारून त्यांनी बिनमिठाचा उकडलेला बांगडा काटे काढून आणला, आणि बोक्याने ताटली चाटूनपुसून साफ केली. पुढे त्याच बांगड्यात थोडे थोडे कोरडे खाद्य मिसळत त्याला वळण लावले.

स्वच्छतेविषयी आपल्या घरातली एक समजूत मात्र दाराबाहेर ठेवावी लागेल. फिनेलचा वास आला म्हणजे जागा स्वच्छ झाली असे आपल्याला वाटते. पण फिनेलमध्ये असतात त्या फिनॉलच्या जातीची रसायने शरीराबाहेर टाकण्यासाठी लागणारी यकृतातली एक प्रक्रिया मांजरात फारच दुबळी असते. पुसलेल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटते आणि ते पोटात जाते. जंतुनाशक म्हणून घरोघरी असणाऱ्या, पाण्यात टाकल्यावर पांढऱ्या होणाऱ्या द्रावणांचेही तेच. याच दुबळेपणामुळे आपण ताप आला की सहज घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. म्हणून निवाऱ्यात आधी साबणाने मळ काढायचा, मग सांगितलेल्या प्रमाणात पातळ केलेले ब्लीच लावून दहा मिनिटे ठेवायचे आणि शेवटी भरपूर पाण्याने धुऊन जागा कोरडी करायची, असा क्रम असतो. हा क्रम कंटाळवाणा आहे, आणि तो मोडल्याने काय होऊ शकते ते मी पाहिले आहे.

मी काम सुरू केल्याला तेव्हा चार-पाच महिने झाले होते. नव्याने आणलेल्या मांजरांना काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात आणि त्या खोलीचा ॲप्रन, हातमोजे, चपला सगळे वेगळे असते. त्या दिवशी माणसे कमी होती. मी त्या खोलीतल्या एका मरगळलेल्या मांजरीला पाणी दिले, हात सॅनिटायझरने पुसले आणि ॲप्रन न बदलता पिल्लांच्या खोलीत गेले, कारण तेथून रडण्याचा आवाज येत होता. ती मांजरी दुसऱ्या दिवशी पॅनल्युकोपेनियाने गेली. हा मांजरांमधला, कुत्र्यांच्या पार्व्होच्या जातीच्या विषाणूने होणारा आजार आहे. अल्कोहोलच्या सॅनिटायझरने तो विषाणू मरत नाही, आणि कपड्यावर, फरशीवर, भांड्यावर तो महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षभरही टिकतो. आठवड्याभरात पाच पिल्लांपैकी चार गेली. ती माझ्यामुळेच गेली असे कोणी म्हणाले नाही, आणि पिल्ले आधीच आजार घेऊन आलेली असण्याचीही शक्यता होती. तरी मला त्याचे उत्तर कधी मिळणार नाही. तेव्हापासून मी पिल्लांकडे सगळ्यात आधी जाते, निरोगी मोठ्या मांजरांकडे नंतर, आणि आजारी मांजरांकडे शेवटी, आणि त्यानंतर परत मागे वळत नाही. आपल्या घरी मांजर असेल किंवा पुढे आणायचे असेल तर घरी पोहोचल्यावर कपडे बदलून, हातपाय धुऊनच त्याच्याजवळ जावे, आणि त्याचे लसीकरण पूर्ण झालेले असावे.

साफसफाई झाली की बसण्याचे काम. हे काम आहे हे घरच्यांना पटवणे कठीण जाते. घाबरलेल्या मांजराच्या पिंजऱ्याजवळ जमिनीवर, त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून, पुस्तक वाचत अर्धा तास बसायचे. हात पुढे करायचा नाही, टक लावून पाहायचे नाही, कारण त्याच्या भाषेत रोखून पाहणे म्हणजे दटावणे. नजर मिळालीच तर डोळे सावकाश मिटून उघडायचे. पिंजऱ्यात लपायला पुठ्ठ्याचे खोके असेल तर मांजर लवकर सावरते. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही लपायला खोके मिळालेल्या मांजरांवरचा ताण लवकर उतरल्याचे दिसले होते. अशी खोकी किराणा दुकानातून फुकट मिळतात, आणि पैशांच्या देणगीइतकीच ती उपयोगी पडतात. मांजर स्वतःहून जवळ आले तर गालाला किंवा हनुवटीखाली दोन-तीनदा बोट फिरवून थांबावे. शेपटी झटकू लागली, कान आडवे झाले किंवा पाठीची कातडी थरथरली तर हात काढून घ्यावा. उताणे होऊन पोट दाखवणे म्हणजे पोटाला हात लावण्याची परवानगी नव्हे, हे मी ओरखडे खाऊन शिकले.

ओरखड्यांवरून आठवले. काम सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून रेबीजची प्रतिबंधक लस घ्यावी. आपल्याकडे ती साधारणपणे पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि २१व्या किंवा २८व्या दिवशी अशी तीनदा देतात. ती घेतलेली असली तरी चावा किंवा रक्त येणारा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद वगैरे काही लावू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मांजराचे दात बारीक आणि टोकदार असल्यामुळे वरून जखम क्षुल्लक दिसते आणि जंतू मात्र खोलवर जातात. बोट सुजेपर्यंत वाट पाहू नये. गरोदर स्त्रियांनी टोक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या भीतीमुळे ट्रे साफ करण्याचे काम दुसऱ्यांकडे द्यावे. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झाली आहे त्यांनीही आधी विचारून घ्यावे.

पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळ्यात पिल्ले फार येतात. पाणी साचले की ती गाडीच्या बॉनेटखाली, मीटरच्या खोलीत, जिन्याखाली शिरतात, आणि भले लोक ती उचलून आणतात. यातली कित्येक पिल्ले अनाथ नसतात. आई खाणे शोधायला गेलेली असते. पिल्ले कोरड्या आणि सुरक्षित जागी शांत झोपलेली असतील तर काही तास लांबून वाट पाहावी, हे आपल्या सोसायटीत आपण समजावून सांगितलेत तरी निवाऱ्यावरचा भार हलका होईल. मांजर आणि दूध ही जोडी आपल्या म्हणींत आहे तशी पोटात नाही: गाईच्या दुधाने पिल्लांना जुलाब होतात, आणि गार पडलेल्या पिल्लाला ऊब देण्याआधी काहीही पाजणे धोक्याचे असते. अगदी लहान पिल्लांना दर दोन-तीन तासांनी खास त्यांच्यासाठीचे दूध, पालथे धरून, बाटलीने पाजावे लागते आणि प्रत्येक वेळी ओल्या कापसाने पुसून शू-शी करवावी लागते. हे काम फॉस्टर करणारे, म्हणजे पिल्ले काही काळ आपल्या घरी सांभाळणारे, लोक करतात. आठवड्यातून एकदा येणाऱ्याने ते अंगावर घेऊ नये.

त्याऐवजी आपल्याला लिहिता येत असेल तर दत्तक देण्याच्या मांजरांची वर्णने लिहून द्या. ‘अतिशय गोड आणि खेळकर’ असे सगळ्यांविषयी लिहिलेले असते आणि त्याने कोणीही हलत नाही. ‘मिक्सरच्या आवाजाला घाबरते, पण दारावरची बेल वाजली की सगळ्यात आधी हजर’ असे लिहिले की कोणाला तरी आपले घर आठवते. काळ्या मांजरांसाठी हे विशेष करावे लागते, कारण आडवे जाण्याची भीती ठाण्याच्या टॉवरमध्येही सुटलेली नाही. घर पाहायला जाणाऱ्यांबरोबर जायला मिळाले तर खिडक्या बघा. मुंबईतल्या ग्रिलच्या गजांमधून मांजर सहज बाहेर पडते, त्यामुळे जाळी बसवल्याशिवाय वरच्या मजल्यावर मांजर देऊ नये, यावर मी अडून बसते आणि त्यामुळे दोन कुटुंबे माझ्यावर रागावलीही आहेत.

कोठे जावे, याविषयी थोडेसे. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, ज्याला जुनी मुंबई बैलघोडा हॉस्पिटल म्हणते, आपल्याला ठाऊक असेल. त्याखेरीज शहरात आणि ठाण्याकडे मांजरांसाठी काम करणाऱ्या लहानमोठ्या संस्था आहेत. कोणत्याही ठिकाणी नाव देण्यापूर्वी नवी मांजरे वेगळी ठेवतात का, डॉक्टर किती वेळा येतात आणि दत्तक देण्याआधी नसबंदी करतात का, किंवा पिल्लू लहान असेल तर पुढे करून घेतात का, एवढे विचारा. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते आणि सुमारे नऊ आठवड्यांत विते, त्यामुळे तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. या प्रश्नांवर चिडणाऱ्या जागी जाऊ नका.

पहिल्या दिवशी जुने सुती कपडे, धुता येतील अशा बंद चपला आणि वहीपेन घेऊन जा. अत्तर लावू नका. दिवस आणि वेळ एकदाच ठरवा आणि येणे जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा, कारण त्या सकाळी किती ट्रे कोण धुणार याचा हिशेब आपल्याला धरून केलेला असतो. आणि रविवार निवडणार असाल तर शनिवारीच मेगाब्लॉकची बातमी वाचून ठेवा.